चांगुणानं गहू पकडला

अंबरनाथ पूर्वेला डॉ. हेमचंद्र दिघ्यांचा दवाखाना होता आणि तिथं मी एकवीस वर्षं सिस्टर होते. वजनकाटा, इंजेक्शनं, मलमपट्टी, केसपेपर, सगळं माझ्याकडे. तिथल्या बाकावर किती माणसं बसून गेली असतील, मला आता सांगता यायचं नाही. पण कुणी म्हटलं, वृंदाताई, त्यातलं लक्षात राहिलेलं एक माणूस सांगा, तर मी एका दमात सांगते, चांगुणा भालेराव! तिचं नाव निघालं की मला अजून खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

१९८६च्या जानेवारीत ती पहिल्यांदा आली. पंचविशीची, सावळी, काटक. सहावा महिना लागलेला, आणि कडेवर तिची पहिली मुलगी, उत्पला.

उत्पला तीन वर्षांची होती. मी तिला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, काटा अडकला असेल म्हणून तिला उचलून परत ठेवलं. आठ किलो दोनशे. वर्षाच्या पोराचं असतं तेवढं वजन! हातपाय काड्या, पोट मात्र टम्म, केस भुरे झालेले, आणि सारखी रडरड. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शी. आधीच्या एका डॉक्टरांनी 'प्रायमरी', म्हणजे लहान मुलांचा क्षय, म्हणून सहा महिने औषध दिलं होतं. जंताचं औषध तीनदा झालं होतं. चाळीतल्या बायका म्हणत होत्या, दृष्ट लागली.

"आम्ही ते मानत न्हाई," चांगुणा मला म्हणाली. "काईतरी कारण असणार, सिस्टर. सापडत न्हाई एवढंच."

तिचा नवरा सुदाम एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर होता. दोघंही नगर जिल्ह्यातले, पाथर्डीकडचे. गावी जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेली. पण इथं आल्यावर रेशनचा गहू मिळायला लागला, कंपनीत डबा उघडला की सुदामच्या भाकरीकडे बघून दोघं-तिघं गालात हसायचे, आणि एक दिवस त्यानं घरी सांगितलं, "उद्यापासून चपाती दे." तेव्हापासून भालेरावांच्या घरात भाकरी बंद झाली. त्यात दोघांना अभिमानही होता. आपण आता चपाती खाणारी माणसं झालो, असा.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा. त्यांनी लोहाचं औषध दिलं, टॉनिक दिलं आणि म्हणाले, "हिला चांगलंचुंगलं खायला घाला. सिस्टर, यांना समजावून सांगा."

आणि मी समजावून सांगितलं! बोटांवर मोजत सांगितलं. सकाळी रव्याची खीर. दहा वाजता दुधात भिजवलेली बिस्किटं. दुपारी तूप लावलेल्या मऊ चपातीचा काला. संध्याकाळी पुन्हा बिस्किटं. हे सगळं माझ्या तोंडचं होतं. पुढे काय निघालं ते कळल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की आता ही गोष्ट सांगताना मी हा भाग आधी सांगून टाकते.

चांगुणानं सांगितलेलं सगळं केलं. स्वतःच्या वाट्याचं दूध बंद करून पोरीला पाजलं. महिन्यानं ती परत आली. काटा आठ किलोवर. म्हणजे दोनशे ग्रॅम कमी. बाई बाकावर बसली आणि म्हणाली, "जेवढं घालते तेवढी वाळते ही. मी घालायचं बंद करू का?"

मार्चमध्ये ती बाळंतपणाला माहेरी गेली. उत्पलाला बरोबर घेऊन गेली. खरं सांगते, त्या दोघींना रिक्षात बसवताना मला वाटलं होतं, हे पोर काही मी परत पाहत नाही.

जूनमध्ये दवाखान्याच्या दारात चांगुणा उभी! कडेवर दोन महिन्यांचा गुटगुटीत मुलगा, आणि तिचा पदर धरून, स्वतःच्या पायांवर उभी, उत्पला! गाल आलेले. पोट आत गेलेलं. मी तिला काट्यावर ठेवलं तर तिनं वाकून विचारलं, "किती?" दहा किलो सातशे! मी ओरडलेच. डॉक्टर आतून पेशंट सोडून बाहेर आले.

"काय औषध दिलंत?" त्यांनी विचारलं.

"काईच न्हाई. माझी आई म्हणते, गावचं पाणी मानवलं."

सगळ्यांनाच ते पटलं. अंबरनाथच्या आसपास कारखाने, केमिकलचा वास, नाल्याला रंगीत फेस. गावची हवा, गावचं पाणी, दुसरं काय असणार? आम्ही सगळे खूश. चांगुणानं पोरीला पुन्हा मी सांगितलेला आहार सुरू केला. तोच. खीर, बिस्किटं, चपाती.

जुलै संपेपर्यंत उत्पला साडेनऊवर उतरली. पोट फुगलं. शी पातळ. रड सुरू.

दुसरी एखादी बाई खचली असती. चांगुणाला उलट चेवच आला. "सिस्टर, आता सापडणार," ती म्हणाली. "गावी बरी हुती, इथं बिघडली. म्हंजे इथलं काईतरी हाय. एकेक करून बघते." तिनं आधी पाणी धरलं. महिनाभर वीस-वीस मिनिटं उकळलं. फरक नाही. मग म्हणाली, उकळून केमिकल कुठं जातंय? म्हणून ती पालेगावला चालत जायला लागली. तेव्हा पालेगाव अगदी खेडं होतं, शेतातली विहीर होती. तिथून रोज एक कळशी फक्त उत्पलासाठी, डोक्यावरून. तीन आठवडे! घरी तान्हं मूल असताना! शेजारची द्रौपदीकाकू त्या वेळात बाळ सांभाळायची. तरी फरक नाही. तेव्हा चांगुणानं पाण्यावर काट मारली. मग दूध बदललं. गवळी बदलला. तरी काही नाही. दुधावरही काट.

सप्टेंबरच्या शेवटी तिची आई आली, सगुणाबाई. येताना अर्धं पोतं ज्वारीचं पीठ घेऊन आली, कारण तिचं म्हणणं, चपातीनं माझं पोट भरत नाही, कागद चघळल्यासारखं वाटतं. ती स्वतःपुरत्या भाकरी थापायची. उत्पला आजीला चिकटलेली. आजीच्याच ताटात जेवायचं, दुसरीकडे नाही. आजी भाकरी दुधात कुस्करून तिला भरवायची. चांगुणाला बाळाच्या धबडग्यात बरंच वाटलं, एक काम कमी झालं.

बाराव्या दिवशी सकाळी दवाखाना नुकताच उघडला होता, मी फरशी पुसून घेत होते, आणि चांगुणा धावत आली. धावत म्हणजे खरोखर धावत. एका काखेत उत्पला, केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही.

"सिस्टर! गहू! गहू हाय तो!"

"कसला गहू? अगं बस आधी."

"बसत न्हाई! काट्यावर ठेवा हिला!"

ठेवलं. दहा किलो. पंधरवड्यापूर्वी साडेनऊ होती.

"पाणी तेच. हवा तीच. दूध तेच. घर तेच," ती धापा टाकत बोलत होती. "आठ दिस झाले, एकदाच शी, अन् बांधून. मी रात्रीपासून इचार करतीया, बदललं काय? आये आली. आयेनं काय आणलं? पीठ! हिच्या पोटात आठ-दहा दिस गव्हाचा दाणा न्हाई. गावी पण तीन महिने न्हवता. आमच्या गावात कुठला गहू? सणाला पोळी, तेवढाच. खीर गव्हाची, बिस्कीट गव्हाचं, चपाती गव्हाची. सिस्टर, म्या माझ्या पोरीला हातानं…" आणि तिथं तिला रडू फुटलं, पण ते हसण्यातच मिसळलं होतं.

डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. "चांगुणाबाई, गव्हानं कुणाला काय होतं? अख्खा देश गहू खातो. हा योगायोग आहे."

"मग माझ्या पोरीचा योगायोग दोनदा कसा झाला, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर वळले. तपासणीच्या खोलीत गेले, परत बाहेर आले. मग एकदम स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून कॉलेजातलं जाडजूड पुस्तक काढलं. धूळ सगळी माझ्या डोक्यावर. तिथंच स्टुलावर उभे राहून पानं उलटायला लागले. बाहेर सात पेशंट खोळंबलेले. पाच मिनिटांनी त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा परीक्षेचा पेपर सोपा निघालेल्या मुलासारखा झाला होता.

"सिलिॲक," ते म्हणाले. "पानभर लिहिलंय. आम्हाला सर म्हणाले होते, हा गोऱ्या लोकांचा आणि पंजाबकडचा रोग, तुम्हाला आयुष्यात दिसणार नाही. म्हणून मी वाचलाच नाही." मग खाली उतरून त्यांनी चांगुणाला हात जोडले. दिघे डॉक्टरांनी कुणाची कधी स्तुती केलेली मी पाहिली नव्हती, आणि इथं हात जोडले!

पण पक्कं निदान मुंबईच्या मोठ्या इस्पितळातच होणार होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली, पण एक अट घातली. आतड्याचा तुकडा काढून तपासायचा, तर तोवर पोरगी गहू खात असली पाहिजे. नाहीतर आतडं बरं झालेलं दिसेल आणि काहीच कळणार नाही. म्हणजे पाच आठवडे तिला पुन्हा चपाती द्यायची!

चांगुणा म्हणाली, माझ्या हातून व्हायचं नाही.

तेव्हा सुदाम पुढे आला. तो कमी बोलणारा माणूस. त्यानं पाळी बदलून सकाळची घेतली. दुपारी तीनला घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि पोरीला मांडीवर घेऊन चपाती भरवायचा. चांगुणा तेवढा वेळ बाळाला घेऊन बाहेर ओट्यावर बसायची. पाच आठवडे त्यानं हे केलं. एकदा औषध न्यायला आला तेव्हा मला एवढंच म्हणाला, "चपाती मीच आणली होती ना घरात."

नोव्हेंबरमध्ये तपासणी झाली. मी रजा काढून बरोबर गेले होते. बारीक नळीच्या टोकाला लावलेली छोटीशी डबी पोरीला गिळायला लावतात आणि ती आत गेली की आतड्याच्या अस्तराचा अगदी इवलासा तुकडा त्यात ओढला जातो. उत्पला खूप रडली, पण झालं. चार दिवसांनी निकालाला आम्ही पुन्हा गेलो, तर डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आठ-दहा शिकाऊ डॉक्टर सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा झालेले.

"हीच का ती आई?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला गव्हाचं कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. पोरीच्या पोटानंच सांगितलं."

बाई हसल्या आणि त्यांनी काय करावं? शिकाऊ डॉक्टरांना बाजूला सारून चांगुणाला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा." आधी निरोगी आतड्याची काच लावली. चांगुणानं एक डोळा मिटून पाहिलं. मग उत्पलाची काच लावली. तिनं पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पयलं हाय ते उभं रान. ज्वारी अशी दाट उभी असती तसं," ती म्हणाली. "अन् हे कापून नेलेलं. नुसती जमीन."

बाई म्हणाल्या, "बरोबर. त्या उभ्या लवेतूनच अन्न रक्तात जातं. हिच्या पोटाला गहू चालत नाही. गहू गेला की अंगच त्या लवेवर उलटतं, ती सपाट होते. मग तुम्ही दूध घाला, तूप घाला, काहीच अंगी लागत नाही."

"परत उगवतं का ते?"

"उगवतं! गहू कायमचा बंद केला की सगळं परत उगवतं."

चांगुणा खुर्चीवरून उठली आणि तिनं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला. एवढा मोठा आजार सांगितला होता, आयुष्यभराचा, गोळी नाही, इंजेक्शन नाही, आणि आम्ही दोघी त्या खोलीत लग्न ठरल्यासारख्या हसत होतो! कारण सापडलं होतं. शत्रूला नाव मिळालं होतं. आणि औषध म्हणजे काय, तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ!

घरी आल्या आल्या सुदामनं कणकेचा डबा उचलून द्रौपदीकाकूकडे दिला. "एकीला वेगळं, बाकीच्यांना वेगळं, असं न्हाई करायचं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून कंपनीत त्याचा डबा पुन्हा भाकरीचा. आता कुणी हसलं तर तो त्याला बसवून आतड्याची गोष्ट सांगायचा, म्हणून हसायचं सगळ्यांनी सोडून दिलं.

उत्पला वाढायला लागली. जानेवारीत अकरा किलो. मार्चमध्ये बारा. दर शनिवारी ती स्वतः चालत यायची, काट्यावर चढायची आणि मी आकडा सांगितला की टाळी वाजवायची.

आणि एप्रिलमध्ये काटा थांबला. पोट पुन्हा थोडं फुगलं. मेमध्ये वजन खाली आलं.

आता चांगुणाची चौकशी कशी चालायची ते मी जवळून पाहिलं. तिनं चाळीतलं एकेक मूल पकडलं. कुणी बिस्कीट दिलं का? खरं सांग, रागवत नाही. कुणीच दिलं नव्हतं. मग ती पिठाच्या गिरणीत जाऊन तासभर नुसती उभी राहिली आणि तिला दिसलं, आधी गव्हाचं दळण निघतं, मग त्याच जात्यात तिची ज्वारी पडते. पहिलं पीठ तांबूस येतं ते गव्हाचंच! सुदाम गावी गेला आणि जात्याचे दोन्ही दगड एसटीतून घेऊन आला. स्टॅन्डपासून घरापर्यंत दोन खेपा, खांद्यावरून. तेव्हापासून दळण घरी. थोडा फरक पडला. पण पोट पूर्ण उतरेना.

जूनच्या एका रविवारी तिनं मला घरी बोलावलं. गेले तर स्वयंपाकघरातला एकेक डबा, बरणी, पुडी जमिनीवर ओळीनं मांडलेली. "तुम्ही शिकलेल्या. एकेकाचं सांगा, कशाचं बनतं."

मी सांगत गेले. मीठ. हळद. गूळ. पोहे, तांदळाचे. साबुदाणा, कंदाचा. ती मान हलवून एकेक बाजूला सारत होती. शेवटी हिंगाची डबी राहिली.

"हिंग म्हणजे झाडाचा चीक," मी म्हटलं.

तिनं डबी उघडली, बोटावर पूड घेतली, बोटं एकमेकांवर घासली. गिरणीत उभी राहिलेली बाई ती, तिच्या बोटांना पीठ ओळखता येत होतं. "चीक असा असतो व्हय?" ती म्हणाली. "सिस्टर, हे पीठ हाय."

आणि मग माझ्या लक्षात आलं! उन्हाळा लागल्यापासून पोरीला रोज ताक होतं आणि ताकात हिंग. पोट फुगतं म्हणून आमटीत चिमूटभर जास्त हिंग. त्यानं थांबेना म्हणून बेंबीभोवती लेप, वर गरम पाण्यातून पुन्हा हिंग. आणि हा सल्ला कुणाचा? माझाच!

आम्ही तशाच उठलो. रिक्षा करून उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजारात गेलो. तिथं तोलाराम म्हणून एक सिंधी मसालेवाले होते, पिढीजात धंदा, दुकानात पाऊल टाकलं की डोळ्यांतून पाणी यायचं. चांगुणानं डबी त्यांच्यासमोर ठेवली.

"सेठ, ये हिंग कैसे बनता है?"

तोलाराम खूश झाले. हा प्रश्न त्यांना बहुतेक कुणी विचारलाच नसावा. त्यांनी खालच्या खणातून करड्या-तांबूस रंगाचा खडा काढला. "ये देखो बहन, असली हींग. पत्थर जैसी. इतनी तेज कि मुँह में रखो तो ज़बान जल जाए. ऐसे कौन खाएगा? तो इसमें गोंद डालते हैं, आटा डालते हैं, तब बँधती है. इसीलिए बोलते हैं बँधानी हींग."

चांगुणा पुढे वाकली. "कौनसा आटा?"

"मैदा. और क्या?"

चांगुणानं माझं मनगट धरलं आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या कापडवाल्यानं डोकं बाहेर काढलं. तोलाराम घाबरून उभे राहिले. "अरे, क्या हुआ? मिलावट नहीं है बहन, कसम से! सब ऐसे ही बनाते हैं!"

त्यांना सगळं समजावून सांगायला अर्धा तास गेला. मग तो अस्सल खडा त्यांनी कागदात बांधून चांगुणाच्या हातात दिला. म्हणाले, राईच्या दाण्याएवढा पुरेल, घरी कुटून घे, संपला की ये. त्यानंतर त्या दुकानातल्या प्रत्येक मसाल्यात काय पडतं ते त्यांनी तिला स्वतःहून सांगितलं, आणि काही पुड्यांवर तर बोटानं फुली मारून दाखवली.

पंधरा दिवसांत पोट उतरलं. दिवाळीला उत्पला साडेतेरा किलो होती. त्यापुढचे आकडे मला पाठ नाहीत, कारण पुढे ती इतर मुलांसारखीच वाढली आणि काट्यावर यायचं तिला काही कारणच उरलं नाही. शाळेत गेली. वाढदिवसाचा केक, सहलीचे पाव, लग्नातल्या पुऱ्या, सगळीकडे "मला चालत नाही" म्हणायला शिकली. आठवीत असताना एकदा मैत्रिणीच्या घरी तिनं हट्टानं दोन सामोसे खाल्ले. तीन दिवस पोट धरून झोपली आणि चौथ्या दिवशी आईला म्हणाली, "बघितलं खाऊन. परत नाही." चांगुणा तिला ओरडली नाही. मला म्हणाली, तिनं पण एकेक करून बघायलाच पाहिजे ना.

ती आठवीत होती त्याच वर्षी, १९९६ला, आमच्या भागातल्या डॉक्टरांची एक बैठक होती. दिघे डॉक्टर या आजारावर बोलणार होते. त्यांनी दहा मिनिटं कागद वाचला आणि मग कागद घडी करून खिशात घातला. "यापुढचं मला सांगता येत नाही. ज्यांनी हे शोधून काढलं त्या इथं आल्या आहेत," असं म्हणून त्यांनी चांगुणाला बोलावलं.

पस्तीस-चाळीस डॉक्टर, बहुतेक टायवाले, आणि समोर सातवी शिकलेली चांगुणा. मला वाटलं ती घाबरेल. तिनं माईक हातानं बाजूला केला आणि सुरू झाली! पाणी, दूध, आईचं पीठ, गिरणी, हिंग, सगळं क्रमानं. मध्येच एकानं विचारलं, "थोडासा गहू चालतो का? म्हणजे आठवड्यातून एकदा?"

"साहेब, ताकातल्या चिमूटभर हिंगात किती मैदा असतो?" ती म्हणाली. "तेवढ्यानं माझ्या पोरीचं वजन दोन महिने अडलं. आता तुम्हीच ठरवा थोडासा म्हंजे किती."

लोक वहीत लिहून घेत होते! दिघे डॉक्टर मागे उभे राहून, आपलीच मुलगी बोलतेय असे बघत होते.

बैठक संपल्यावर उल्हासनगरचे एक डॉक्टर तिच्याकडे आले. त्यांच्याकडे एका सिंधी घरातली सून होती, बावीस वर्षांची. रक्त कायम पाच-साडेपाच, दोनदा गर्भ राहून गेलेला. घरच्यांनी नशिबाला बोल लावला होता. चांगुणाचं बोलणं ऐकताना त्यांना ती मुलगी आठवली होती. त्यांनी तिची तपासणी करून घेतली आणि महिन्याभरानं निरोप आला. तोच आजार. पण घरात रडारड चालली आहे, तुम्ही याल का?

आम्ही दोघी गेलो. बरोबर चांगुणानं घरी दळलेलं ज्वारीचं पीठ. मोठं घर, दहा-बारा माणसं, चुलीशेजारी चपात्यांचा ढीग. सून कोपऱ्यात पांढरीफटक बसलेली. तिची सासू डोळे पुसत म्हणाली, "बहनजी, हमारे घर में तो सुबह-शाम गेहूँ ही है. ये लड़की खाएगी क्या?"

चांगुणानं पदर खोचला. परात मागितली, गरम पाणी मागितलं, पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली. थप-थप-थप आवाज सुरू झाला. आतल्या खोलीत घरातली सगळ्यात म्हातारी बाई झोपली होती. ऐंशीच्या पुढची दादी, फाळणीत सिंधमधून आलेली. त्या आवाजानं ती उठली, भिंतीला धरत बाहेर आली आणि परातीकडे बघून तिथंच थांबली.

"डोडो!" ती ओरडली. "अरे, ये तो हमारा डोडो है! जुआर का डोडो!"

सगळं घर तिच्याकडे बघायला लागलं. दादी खाली बसली. सांगायला लागली की सिंधमध्ये तिच्या माहेरी रोज हेच व्हायचं, लसणाच्या चटणीबरोबर. इथं आल्यावर निर्वासितांच्या कॅम्पात जे मिळालं ते खाल्लं, मग गहू सवयीचा झाला, आणि हे कुणी केलंच नाही. पन्नास वर्षं! बोलता बोलता तिनं बांगड्या मागे सारल्या आणि परात स्वतःकडे ओढली. पिठाचा गोळा तळहातावर घेतला.

"इतना पतला नहीं," ती चांगुणाला म्हणाली. "डोडो मोटा होता है."

"मोटा अंदर से कच्चा रहेगा, दादी."

"नहीं रहेगा. तू देख."

दोघींनी एकेक थापली. शेजारी शेजारी तव्यावर टाकली. घरातली पोरंटोरं भोवती उभी राहून बघत होती, कुणाची आधी फुगते. सासूनं डोळे पुसायचं सोडून लसूण सोलायला घेतला. आणि ती कोपऱ्यातली सून उठून पुढे आली, दादीच्या पाठीमागून वाकली आणि पहिल्यांदाच बोलली.

"मुझे दोनों चाहिए," ती म्हणाली. "मोटी भी, पतली भी."